तीन बटणं आणि व्याह्याचा दोर

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "खरात मॅडम, यंदाच्या दिवाळी अंकासाठी इलेक्ट्रिक गाड्यांच्या भवितव्यावर लिहा." मी म्हटलं, मला माझ्या गुडघ्यांचं भवितव्य माहीत नाही, गाड्यांचं कुठून सांगू? मला ठाऊक आहे ते एवढंच, की माणसाच्या हातात तीन बटणं दिली की तो काय काय करतो. ते म्हणाले, "मग तेच लिहा." तर हे तेच आहे.

मी आधी बजाजनगरात एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वीसएक वर्षं गाडी शिकवली. कंपनीत शिफ्टला जाणाऱ्यांच्या बायका आल्या, मग त्यांच्या मुली आल्या. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा, पण खरा ब्रेक माझं तोंड होतं. पुढे संभाजीनगर शहरात इलेक्ट्रिक गाड्यांचं एक शोरूम निघालं. त्यांना गाडी समजावून सांगणारं माणूस हवं होतं, आणि मला उन्हातून सुटका हवी होती. तिथूनच यंदा निवृत्त झाले.

शोरूममध्ये गाडी विकणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. मी मधली. गाडी ताब्यात देताना ती कशी चालवायची ते सांगणं हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण ती वेळ कशी असते बघा. गाडीला झेंडूचा हार घातलेला, घरचे नवे कपडे घालून आलेले, एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात पेढ्यांचा पुडा, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल. अशा लग्नघरात मी अर्धा तास बॅटरीवर बोलायचं. माझं भाषण पाठ होतं आणि लोकांचं मान डोलावणंही पाठ होतं.

त्या भाषणातला मुख्य अध्याय म्हणजे तीन बटणं: इको, सिटी आणि स्पोर्ट. बटण कुठलंही दाबा, बॅटरी तीच असते आणि मोटारही तीच. बदलतं ते एवढंच, की तुमच्या पायाचं म्हणणं गाडी किती मनावर घेते. स्पोर्टमध्ये रेसवर पाय नुसता टेकला की गाडी उसळते. इकोमध्ये तेवढाच पाय दाबला तर गाडी म्हणते, निघू की, घाई काय आहे? एसीसुद्धा ती जरा हात राखूनच चालवते. सिटी या दोघांच्या मधलं. सपाट रस्त्यावर एकाच वेगानं शांत चाललात तर तिन्हींत फार फरक पडत नाही. हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं की विक्रीवाल्या पोरांची तोंडं कडू व्हायची. पण खरं ते खरं. फरक पडतो तो उसळण्यात आणि वेगात. वेग वाढवला की समोरची हवा आडवी येते, आणि तिला ढकलायला बॅटरी खर्च होते. बटण काही वीज वाचवत नाही. ते तुमच्या पायाला आवरतं, आणि मग पाय वीज वाचवतो.

दुसरा अध्याय पडद्यावरच्या आकड्याचा. गाडी आणखी किती किलोमीटर जाईल ते समोर दिसत असतं. लोक त्या आकड्याकडे कुंडलीसारखं बघतात. अहो, तो नुसता अंदाज असतो. तुम्ही आत्तापर्यंत कशी चालवलीत त्यावरून गाडी पुढचं ठरवते, आणि बटण बदललं की अंदाजही बदलते.

हे न कळल्यामुळे औरंगपुऱ्यातल्या एका कापड दुकानदारानं मजा केली. सिग्नलला गाडी थांबली की हे गृहस्थ इकोचं बटण दाबायचे. आकडा टुणकन वर जायचा. हिरवा दिवा लागला की पुन्हा स्पोर्ट. मला मोठ्या आनंदानं म्हणाले, "मॅडम, घर ते दुकान पाच सिग्नल. प्रत्येक सिग्नलला मी दहा-बारा किलोमीटर कमावतो. ये तो कमाल है!" मी विचारलं, "मग अडचण काय?" तर म्हणाले, "संध्याकाळी बघतो तर बॅटरी उतरलेलीच." त्यांची समजूत घालायला मला दोन चहा लागले. सिग्नलला उभं राहून गाडी काही कमवत नाही, हे दुकानात बसून कमावणाऱ्या माणसाला पटवणं सोपं नव्हतं.

आणि एक जोशीकाका होते, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी इको एवढं मनावर घेतलं, की भर मे महिन्यात काकूंना घेऊन पैठणला निघाले ते एसी बंद करून. काचाही वर, कारण काच उघडली की वारा गाडीला अडवतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. परत आले तेव्हा अर्ध्याहून जास्त बॅटरी शिल्लक होती आणि काकू संपल्या होत्या. काका अभिमानानं पडदा दाखवत होते. काकू पदरानं तोंड पुसत थेट माझ्या टेबलासमोर आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांना नीट सांगा हो. इको म्हणजे एकादशी नव्हे!"

ते वाक्य मी दुसऱ्या दिवसापासून माझ्या भाषणात घातलं. लोक हसायचे, मान डोलवायचे आणि नारळ फोडून निघून जायचे. मला वाटायचं, आपण छान समजावतो. हा माझा भ्रम ज्यांनी उतरवला ते दगडूभाऊ. त्यांच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसले आहे.

दगडूभाऊ गंगापूरचे. तीस वर्षं त्यांनी गंगापूर ते संभाजीनगर वडापची जीप चालवली. आत कोंबलेली माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर पोती. तीस वर्षांत या रस्त्यावर आपल्या जीपला कुणी मागं टाकलं नाही, असं ते सांगायचे, आणि त्यांच्या हाताच्या गाठी बघून ते खरं वाटायचं. जीप विकून, उसाचे पैसे घालून त्यांनी घरासाठी ही गाडी घेतली. बरोबर बायको कौसाबाई होत्या. एकुलती एक मुलगी सारिका नुकतीच कन्नडच्या घाटाखाली एका गावात दिली होती.

मी बटणं दाखवत होते. दगडूभाऊ इंग्रजी अक्षरं गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलेले. इकोच्या बटणावर बोट ठेवून त्यांनी जुळवलं, "ऐ… को. ऐको. मॅडम, ह्ये काय ऐकायचं बटण हाय का?"

मी काही बोलायच्या आत कौसाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई. तीस वर्सं ह्या मानसानं कुनाचं ऐकलं न्हाई. आता गाडीच म्हनंल, ऐको!"

सगळं शोरूम हसलं. त्या हसण्यात मी माझं भाषण पुढं रेटलं. शेवटी एक वाक्य असायचं, तेही म्हटलं. "उतारावर पाय काढा, गाडी मोकळी सोडा. ती आपली आपण चार्ज होते."

याचा अर्थ असा. रेसवरून पाय काढला की या गाडीची मोटार उलटं काम करू लागते. चाकं मोटारीला फिरवतात आणि तिच्यातून वीज परत बॅटरीत जाते. जुन्या सायकलचा डायनामो ज्यांना आठवतो त्यांना हे लगेच कळेल. डायनामो लावला की दिवा लागायचा आणि सायकल जड व्हायची. तशीच ही गाडी जड होऊन आपोआप हळू होते, आणि उताराची सगळी ताकद ब्रेक तापवण्यात वाया न जाता त्यातली बरीच परत मिळते.

दगडूभाऊ म्हणाले, "ह्ये तर आपलं रोजचंच हाय." मला फार बरं वाटलं. चला, एकाला तरी कळलं.

गेल्या वर्षी आषाढात एक दिवस ते शोरूममध्ये आले आणि गाडीची चावी माझ्या टेबलावर ठेवली. "ही तुमची गाडी तुमाला," म्हणाले आणि खुर्चीत न बसता उभेच राहिले.

झालं होतं ते असं. ते, कौसाबाई आणि दोन भावकीतली माणसं लेकीला भेटायला घाटाखाली गेले होते. जाताना काही झालं नाही. परत निघाले आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडीनं मान टाकली. व्याह्यांना फोन करावा लागला. व्याही ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आले, गाडीला दोर बांधला आणि भर गावातून ओढत दारात आणली. गाव ओट्यांवर बसून बघत होतं. व्याही मिशीत हसत म्हणाले, "व्याही, पुढच्या खेपेला बैलजोडी धाडू का?"

"मॅडम," दगडूभाऊ म्हणाले, "तीस वर्सं गाडी चालवली. कदी कुनाच्या दोरानं आलो न्हाई. लेक दारात उभी व्हती. तिनं मान खाली घातली."

दोर लावून ही गाडी ओढायची नसते, मोटार बिघडू शकते, हे माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

कारागिरांनी गाडी तपासली. बॅटरी, मोटार, वायरिंग, कशातच दोष नाही. मॅनेजर म्हणाले, "चालवणाऱ्याची चूक. तसं लिहून द्या." शोरूममधली पोरं त्यांना 'ड्रायव्हिंग स्टाईल' समजावू लागली. ज्या पोरांनी जन्मात घाटात गिअर टाकला नसेल ती दगडूभाऊंना चालवायचं शिकवत होती. मला ते बघवेना. मी चावी उचलली आणि म्हटलं, "चला दगडूभाऊ, एक चक्कर मारू. मी काही बोलणार नाही, तुम्ही चालवा."

आम्ही दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढलो. त्यांनी स्पोर्ट लावलं होतं. घाट म्हणजे ताकद पाहिजे, हा जीपचा हिशोब, आणि सपाटीलाही ते जीपसारखेच पळवत आले होते. चढताना बॅटरी भराभर उतरली, ते अपेक्षितच होतं. वर पोचलो, गाडी वळवली आणि परत उतरू लागलो. पहिल्याच उताराला त्यांचा हात खाली गेला आणि त्यांनी गाडी न्यूट्रल केली. गाडी सुसाट सुटली आणि ते ब्रेकवर ब्रेक मारत वळणं घेऊ लागले.

मी दाराची मूठ घट्ट धरून विचारलं, "हे काय केलंत?"

"मोकळी सोडली."

"का पण?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, नवलानं. "तुमीच सांगितलं ना, मॅडम? उतारावर मोकळी सोडा म्हनून?"

मी गाडी कडेला घ्यायला लावली. वडापच्या लायनीत 'मोकळी सोडणं' म्हणजे न्यूट्रल करणं. उतार आला की डिझेल वाचवायला गाडी मोकळी सोडायची, हे तिथलं पहिलं शिक्षण. आणि मी हार घातलेल्या गाडीपाशी उभी राहून तेच वाक्य त्यांना पेढ्यासारखं दिलं होतं. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि मोटारीचा संबंधच उरत नाही. म्हणजे परत काही येत नाही, सगळं ब्रेकमध्ये जळतं, आणि घाटात ते धोक्याचं असतं ते वेगळंच. या माणसानं माझं भाषण शब्दन् शब्द ऐकलं होतं. शोरूमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत माझं ऐकणारा तो एकटाच निघाला, आणि त्यालाच दोर लागला.

मला खूप वाईट वाटलं. वीस वर्षं शिकवलं, पण समोरचा माणूस आधी काय चालवत होता, उतारावर त्याचा हात कुठं जातो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दगडूभाऊ, चूक माझी आहे. मोकळी म्हणजे नुसता पाय काढायचा, गिअरला हात लावायचा नाही."

त्यांनी गिअरला हात लावून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे गाडी खराब न्हाई?"

"गाडी चांगली आहे. एका चार्जिंगवर जाऊन येईल."

"मॅडम, दिवाळीला सारिकाला आनायचंय. पयली दिवाळी हाय. मला पोरगा न्हाई, मुराळी मीच. त्या दारात ही गाडी आता एकदाच न्यायची, आन् तीबी दोरावाचून परत यायची. जमत नसंल तर आत्ताच सांगा. मी कुनाचीबी जीप मागून जातो आन् ही तुमच्या दारात लावतो."

मी विचारलं, "व्याह्यांकडं दोन तास चार्जिंगला लावली तर?"

"लेकीच्या घरी जेवायला संकोच वाटतो, आन् तिथं पुन्यांदा वायर टाकून बसू व्हय?"

"कन्नडला थांबून करता येईल."

"सासरहून निघालेली लेक रस्त्यात ताटकळत बसवू? मग येष्टी काय वाईट?"

मी शब्द दिला. मॅनेजर म्हणाले, तोंडी द्या, लेखी नको.

पुढचे काही रविवार मी गंगापूरला गेले. शिकवायचं एकच होतं: पाय. इको लावायचं, वीज बेतानं चालली की पडद्यावर दिसणारी हिरवी पट्टी बघत पाय अलगद ठेवायचा आणि पुढं वळण किंवा गाव दिसलं की ब्रेकची वाट न बघता आधीच पाय काढायचा. पहिल्या रविवारी दगडूभाऊ वैतागले. "ह्ये तर गाभन म्हशीला पानी पाजाया न्हेल्यागत झालं." तिसऱ्या रविवारी लासूरहून परत येताना त्यांनी एकदाही ब्रेकला पाय लावला नाही. गाडी घरासमोर आपोआप हळू होत थांबली तेव्हा ते मिशीत हसले, पण मला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडं केलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुमीबी चला. शब्द तुमचा हाय." कौसाबाईंनी मागून ओरडून सांगितलं, "ताई, मुराळी म्हनून चला!" बाई मुराळी झालेली मी कधी ऐकली नव्हती. पण मला माझी पहिली दिवाळी आठवली. माझा भाऊ मुराळी म्हणून यायचा होता आणि त्याची गाडी चुकली होती. तो तीन तास उशिरा आला. ते तीन तास मी सासरच्या ओट्यावर पिशवी घेऊन बसले होते, आणि सासू दर थोड्या वेळानं म्हणायची, "येईल गं." ते 'येईल गं' मला अजून टोचतं. मी म्हटलं, येते.

सकाळी गंगापूरहून निघालो तेव्हा बॅटरी पूर्ण भरलेली होती. लासूर, देवगाव रंगारी, कन्नड. दोन्हीकडं उसाची शेतं आणि वेचणीला आलेला कापूस. दगडूभाऊ गाभण म्हशीच्या चालीनं चालले होते. कन्नडच्या पुढं घाट सुरू झाला. त्यांचा हात एकदा गिअरकडं गेला, थांबला, परत स्टिअरिंगवर आला. त्यांनी पाय काढला. गाडी स्वतःच स्वतःला धरून उतरू लागली आणि पडद्यावर बॅटरीचे टक्के कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागले. एक, दोन, तीन.

"आगं बघ," ते कौसाबाईंना म्हणाले, "किती वऱ्हाडं न्हेली ह्या घाटातून. दर खेपेला ह्यो माजं ब्रेक खायचा. आज पयल्यांदाच कायतरी देऊन गेला."

व्याह्यांच्या दारात सारिका वाट बघत उभी होती. पुरणपोळीचं जेवण झालं. निघताना व्याह्यांनी डिक्की भरली. एक अख्खा केळीचा घड, भरिताच्या वांग्यांचं पोतं, लाडूंचे डबे. मी मनातल्या मनात एकेका किलोचा चढ मोजत होते. आणि सगळ्यात शेवटी व्याह्यांनी तोच ट्रॅक्टरचा दोर आणून केळीच्या घडावर ठेवला.

"राहू द्या डिक्कीत," ते म्हणाले. "लागला तर."

सगळे हसले. व्याही माणूस वाईट नव्हता, पण थट्टेला जागा मिळाली तर सोडणारा नव्हता. सारिका हसली नाही, ती बापाच्या तोंडाकडं बघत होती. दगडूभाऊंनी दोर नीट गुंडाळून ठेवला आणि डिक्की लावली.

घाट चढायला लागलो. चढावर बॅटरी खर्च होणारच, त्यात चार माणसं आणि केळी. आणि पडद्यावरचा तो आकडा, जो मी वर अंदाज म्हणून सांगितला, तो घाबरट असतो. चढ लागला की त्याला वाटतं, आता गंगापूरपर्यंत घाटच आहे. तो भराभर खाली येऊ लागला. दुसरं वळण आलं, जिथं मागच्या वेळी गाडी थांबली होती. दगडूभाऊंचं बोट स्पोर्टच्या बटणाकडं सरकलं.

"ऐको," कौसाबाई मागून म्हणाल्या.

बोट मागं आलं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजवत एक काळी-पिवळी जीप आली. दगडूभाऊंचा जुना लायनीतला जोडीदार बबन दिवाळीची भाडी करत होता. शेजारून जाताना त्यानं ओळखलं. "आरं दगडू! म्हातारा झाला का बाबा? ढकलू काय?" आणि धूर सोडत पुढं गेला. मी दगडूभाऊंकडं बघितलं. मान लाल झाली होती, स्टिअरिंगवरची बोटं आवळली होती. पण पाय हलला नाही. तीस वर्षांत त्यांना कुणी मागं टाकलं नव्हतं, आणि आज लेकीसमोर त्यांनी ते होऊ दिलं. सारिकानं मागून हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घाटमाथ्यावर आलो तेव्हा आकडा अठ्ठेचाळीस दाखवत होता. गंगापूर साठाच्या वर होतं. "मॅडम?" दगडूभाऊंनी एवढंच विचारलं.

"सपाटीला लागलं की सुधारेल. काही होत नाही," मी म्हणाले. तोंडानं म्हणाले खरी. इतक्या वर्षांत माझं भाषण खरं ठरावं म्हणून मी पहिल्यांदाच देवाचं नाव घेतलं.

कन्नड मागं पडलं. सारिका आता पुढं वाकून मोठ्यानं आकडा वाचत होती. "अठ्ठेचाळीस. अण्णा, अजून अठ्ठेचाळीसच हाय." पाच किलोमीटर गेलो तरी तेवढाच. मग एकोणपन्नास. कौसाबाईंना वाटलं पोरगी खोटं सांगते, म्हणून त्यांनी चष्मा लावून स्वतः बघितलं. देवगाव रंगारीला उरलेला रस्ता आणि आकडा बरोबरीला आले. लासूरला आकडा पुढं गेला, आणि त्या आनंदात दगडूभाऊंचा पाय जरा जड झाला तर तिघी एकदम ओरडलो, "ऐको!" मग हसू आवरेना. गाडीत जी माणसं घाटात श्वास धरून बसली होती ती आता केळी सोलून खात होती. मुराळ्याच्या गाडीतल्या केळ्यांइतकं गोड मी काही खाल्लेलं नाही.

घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा अकरा टक्के शिल्लक होते. ऊनही अजून उतरलं नव्हतं. कौसाबाईंनी आधी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग दुसरा तुकडा घेऊन गाडीवरून. गल्ली जमली होती. तेवढ्यात बबनची जीप आली. रस्त्यात दोन ठिकाणी डिझेलच्या रांगेत अडकला होता म्हणे. तो गाडीकडं बघत म्हणाला, "तू कवा आला रं?" दगडूभाऊ म्हणाले, "तू रांगेत व्हता तवा."

त्यानंतर मी शोरूममधलं भाषण बंद केलं. नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याला गाडीत बसवायची आणि विचारायची, "उतारावर तुम्ही काय करता?" मग गप्प बसून ऐकायची. अर्धा तास कधी पुरायचा नाही, मॅनेजर घड्याळ दाखवायचे. पण घाटात मान टाकलेल्या गाडीचा फोन मला पुन्हा आला नाही. शिकवणाऱ्यालाही ऐकोचं बटण लागतं, हे मला उशिरा कळलं.

त्या दिवशी गंगापुरात मी निघायला उठले तर सारिका म्हणाली, "थांबा की मॅडम." तिनं डिक्कीतून तो दोर काढून बापाच्या हातात दिला. "अण्णा, झोका बांधा." अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड होतं. ट्रॅक्टर ओढणारा दोर, त्याला एक लेक काय जड. दगडूभाऊंनी दोन मिनिटांत झोका बांधला, सारिकाला बसवलं आणि आधी मला तिचा फोटो काढायला लावला. "व्याह्यांना धाडा. म्हनावं, दोर कामी आला."

मग त्यांनी झोका मागं ओढून धरला. खूप मागं, पार भिंतीपर्यंत, आणि धरूनच ठेवला. सारिका पाय हलवत ओरडली, "अण्णा, आता मोकळी सोडा की!"

दगडूभाऊ तसेच दोर धरून माझ्याकडं वळले. डोळे भरलेले होते आणि मिशीत हसू होतं.

"मॅडम," ते म्हणाले, "ही कंची मोकळी?"